शनिवारची रायफल

माझा नवरा दर शनिवारी सकाळी डोक्यावरून आंघोळ करून, इस्त्रीचा टी-शर्ट घालून एका बाईच्या घरी जातो, आणि ही सोय मी स्वतःच्या हाताने करून दिली आहे. आता बोला!

म्हणजे मुद्दाम नाही केली. माझ्या तोंडून फक्त एवढंच गेलं होतं, "बंदूक माझ्या घरात येणार नाही." कुठलीही बाई हेच म्हणेल. आम्ही ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला राहतो. शेजारीपाजारी सगळे आपल्यासारखेच, आयटीतले नाहीतर हॉस्पिटलातले. कुणाच्या गॅरेजमध्ये सायकली, कुणाच्या गॅरेजमध्ये तांदळाच्या गोण्या. त्यात आमच्याकडेच बंदूक कशाला? पण विश्रामला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ऑफिसातल्या एका गोऱ्या मित्राने एकदा रायफल क्लबात नेलं आणि हा परत आला तो वेगळाच माणूस. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीमध्ये याचा नेम फार चांगला होता म्हणे. इतकी वर्षं संसार केला, पोरगी कॉलेजच्या तोंडाशी आली, आणि हे मला आत्ता कळतंय! मग त्याने कोर्स केला, लायसन्स काढलं, महिनोन्‌महिने वाट बघितली आणि एक साधी पॉइंट टू-टू रायफल घेतली. कागदाला भोकं पाडायची, बाकी काही नाही. मी म्हटलं, "घे बाबा, पण घरात नाही. मला भीती वाटते." आता क्लबात ठेवायची तर सोय नाही. तेव्हा उर्वी म्हणाली, "माझ्या सेफमध्ये जागा आहे की."

ही उर्वी म्हणजे दातांची डॉक्टर. पार्ल्याची. तळ्याच्या पलीकडे एकटी राहते. नवरा कधीच पर्थला निघून गेला. बारीक कापलेले केस, गळ्यात काही नाही, कानात काही नाही, आणि तरी बाई उठून दिसते. त्या क्लबात म्हातारे म्हातारे ऑस्ट्रेलियन तिच्या नेमाची तारीफ करतात, हे मला विश्रामनेच सांगितलं. विश्राम बोलायला लागला की आता दुसरं काही बोलतच नाही. उर्वी म्हणते श्वास अर्धा सोडून थांबायचं. उर्वी म्हणते वाऱ्याकडे लक्ष ठेवायचं. अरे, उर्वी म्हणते, उर्वी म्हणते! मी गेली कित्येक वर्षं म्हणतेय की टेरेसवरचा नळ गळतोय, त्याचं काय?

सगळ्यात जास्त कशाने जळले सांगू? आमच्या मंडळाच्या गणपतीत मी प्रसादाच्या लाइनमध्ये उभी होते आणि हा पलीकडे उर्वीशी बोलत होता. हातवारे करून. हसत. विश्राम घरी सोफ्यावर बसतो तेव्हा त्याला दोनदा हाक मारावी लागते, तिसऱ्यांदा "हं?" म्हणतो. तोंडात मूग धरून बसलेला माणूस. आणि तिकडे त्याच तोंडाला कसा पूर आला होता! मला तो हसणारा, बोलणारा नवरा हवा होता. माझ्या घरात हवा होता. तिच्याकडे नव्हे.

मग एक दिवस इंडियन स्टोअरमध्ये सरिता भेटली. ही सरिता म्हणजे आमच्या भागाचं आकाशवाणी केंद्र. कोथिंबिरीची जुडी हुंगत मला म्हणते, "अगं, तुझ्या मिस्टरांची गाडी दर शनिवारी उर्वीच्या ड्राइव्हवेमध्ये असते. दाताचं काही चाललंय का त्यांचं?"

"हो ना," मी म्हटलं. "रूट कॅनल."

घरी आले, पिशव्या ओट्यावर आपटल्या आणि विश्रामला सांगितलं, "ती तुझी रायफल घरी आण."

तो बघतच राहिला. "तुला भीती वाटते ना?"

"वाटते. पण म्हणून काय जन्मभर दुसऱ्यांच्या घरी ठेवणार? बरं दिसतं का?"

खरं कारण मी कशाला सांगू? एवढी काही मी वेडी नाही. पण त्याचा चेहरा असा काही उजळला की माझं मलाच कसंतरी झालं. म्हणाला, "सुनीती, तुला त्रास होणार नाही असंच करू. हळूहळू. तुझ्या वेगाने."

आणि मग जे सुरू झालं, ते माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

आधी सेफ आली. गॅरेजच्या भिंतीला बोल्ट मारून पक्की बसवली, दरवाजावर आकड्यांची बटणं. त्याने ती कितीतरी दिवस रिकामीच ठेवली. रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की मला हाताला धरून गॅरेजमध्ये न्यायचा, मला तोंड फिरवायला सांगून आकडे दाबायचा, दार उघडून दाखवायचा. "बघ, आत काही नाही. नुसतं कपाट आहे." मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहायचे आणि म्हणायचे, "मला वेळ लागेल."

"घे की," तो म्हणायचा. "घाई कुठे आहे?"

मग एक दिवस फक्त रायफलचा बोल्ट आणला. बोटाएवढा जाड लोखंडी दांडा, त्याला मूठ. माझ्या तळहातावर ठेवला. "हा काढला की रायफल म्हणजे नुसती नळी. काठीच म्हण. हा वेगळ्या खणात राहणार, गोळ्या तिसरीकडेच, कुलपात." थंडगार वजनदार वस्तू. खरं सांगू का? मला काडीची भीती वाटली नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रोज लोकांच्या रक्ताशी गाठ असते. पण विश्रामने माझ्या हाताखाली आपला हात धरला होता, मला जड होऊ नये म्हणून. मग मी काय करणार? मी थोडी थरथरले.

हो, थरथरले! मुद्दाम! ज्या माणसाने मला आजपर्यंत गाडीचं टायर कसं बदलायचं ते कधी दाखवलं नाही, तो माझ्यासाठी आल्याचा चहा करून आणत होता, स्टुलावर समोर बसून मला समजावत होता, मध्येच एनसीसीच्या कॅम्पातल्या गमती सांगत होता. कॅम्पात याने सुभेदाराच्या टोपीत मुंगळे सोडले होते, हे मला कधी कळलं असतं? मी भीती लांबवली. जितकी लांबवता येईल तितकी. आमची ओवी एकदा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "मम, यू वॉच मर्डर शोज ऑल डे. सिन्स व्हेन आर यू स्केअर्ड?" मी तिला आत जाऊन असाइनमेंट करायला सांगितलं.

रायफल आली खंडेनवमीला. तो मुहूर्त मीच काढला. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते, मग आणायची तर पूजा करूनच घरात घ्यायची, असं माझं म्हणणं. इथे दरवर्षी मी ओट्यावरच्या सुऱ्या, विळी, विश्रामचा लॅपटॉप, माझं लॅबचं ओळखपत्र आणि दोन्ही गाड्यांच्या चाव्या पाटावर मांडते. यंदा त्यात रायफल. विश्रामने बोल्ट काढून ठेवला, नळी रिकामी असल्याचं मला दाखवलं, पडदे ओढून घेतले. आणि हो, ती पण होतीच. रायफल तिच्याच सेफमधून यायची होती ना! पांढरा कुर्ता घालून, हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन आली.

मी रायफलच्या लाकडी दस्त्याला हळद लावली, कुंकू लावलं. बोट चांगलं दाबून लावलं. अक्षता वाहायला हात उचलला तर उर्वी पटकन म्हणाली, "अगं, नळीच्या जवळ तांदूळ नको हं. एखादा दाणा आत गेला तर भारी पडेल." आणि विश्रामने लगेच, ती म्हणाली म्हणून लगेच, नळीच्या तोंडावर आपला तळहात धरला. माझ्या पूजेत! माझ्या पाटावर! मी अक्षता दस्त्यावर वाहिल्या आणि तिला चहा दिला. साखर नको म्हणाली. मी दोन चमचे घातली.

जाताना ती विश्रामला म्हणाली, "ते कुंकू पुसून घे रे नंतर. लाकडाचं पॉलिश जाईल."

तो "हो हो" म्हणाला. मी मनात म्हटलं, जा बाई आता. रायफल आली, तुझं काम संपलं.

आणि खरंच संपल्यासारखं झालं होतं. शनिवारी सकाळी विश्राम आपल्या घरातून निघायचा, सरळ क्लबात जायचा, सरळ घरी यायचा. रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही गॅरेजमध्ये बसायचो. तो रायफल पुसायचा, तेलाचा हलका वास यायचा, बाहेर कुणाचंतरी लॉनमोअर चालू असायचं. मी दूर खुर्चीवर बसायचे आणि दर आठवड्याला खुर्ची थोडी जवळ घ्यायचे. सगळं कसं छान चाललं होतं. मग एका रविवारी मला वाटलं, आता थोडी प्रगती दाखवायला हवी, नाहीतर हा कंटाळेल. म्हणून मी विचारलं, "मी एकदा हातात घेऊन बघू?"

विश्राम एवढा खूश झाला! मांडीवर थाप मारून म्हणाला, "बघ! उर्वी म्हणालीच होती!"

"काय म्हणाली होती?"

"की आपण काहीच म्हणायचं नाही, एक दिवस तीच विचारेल. आधी रिकामी सेफ दाखव, मग नुसता बोल्ट हातात दे, मग तू पुसत बस आणि तिला लांबून बघू दे. घाई करू नकोस, चहा करून दे, इकडच्या तिकडच्या गोष्टी सांग. सगळं तिनेच सांगितलं मला. मला कुठलं सुचतंय असलं!"

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या हाताखाली धरलेला हात, तो तिचा. आल्याचा चहा तिचा. टोपीतले मुंगळेसुद्धा तिच्याच सांगण्यावरून बाहेर आलेले. इतके दिवस मला वाटत होतं, नवरा परत आला. कसला नवरा? ही उर्वी तळ्याच्या पलीकडे बसून माझा संसार करत होती, आणि मी इकडे मनात मांडे खात होते!

"घाई कुठे आहे, हे पण तिचंच?" मी विचारलं.

"काय?"

"काही नाही. मला त्या सेफचा आकडा सांग."

"ते नाही सांगता येणार."

"का?"

"अगं, कायदा आहे. लायसन्स नसलेल्या माणसाला सेफ उघडता येता कामा नये. घरच्या माणसालासुद्धा."

"या घराची एकूण एक किल्ली माझ्याकडे असते. तुझ्या आईने लॉकरची किल्ली तुला नाही, मला दिली. आणि माझ्याच गॅरेजमधल्या कपाटाचा आकडा मला नाही? तिला सांगितला असशील!"

"तिला कशाला सांगू? तिची वेगळी सेफ आहे."

"पण तिला चालेल ना सांगितलेला? कायद्याने? तिच्याकडे लायसन्स आहे!"

विश्रामने रायफल आत ठेवली आणि दार लावलं. इतकी वर्षं मी जे मागितलं त्याला या माणसाने कधी नाही म्हटलं नव्हतं. उशिरा दिलं, विसरला, पण नाही म्हटलं नव्हतं.

झालं. तो आकडा माझ्या डोक्यात बसला. लॅबमध्ये सँपलवर लेबलं लावतानाही मी आकडेच जुळवत होते. माणूस आकडा निवडतो तो कुठून? तारखांतून. आणि या माणसाच्या आयुष्यात अशी कोणती तारीख आहे जी मला माहीत नाही? बुधवारी माझी शिफ्ट लवकर संपली. दुपारी घरी कुणी नव्हतं. मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून गॅरेजमध्ये गेले आणि लग्नाची तारीख दाबली. लाल दिवा. माझा वाढदिवस. लाल. ओवीचा. लाल. सासूबाईंचा, लाल. मग मी जरा थांबले, फोन काढला, फेसबुकवर उर्वीचा वाढदिवस शोधला आणि तो दाबला.

लाल! त्या लाल दिव्याने मला जो आनंद झाला, तो मी सांगू शकत नाही. पण तो आनंद साजरा करायच्या आत सेफ बोंबलायला लागली. कुईं कुईं कुईं! चुकीचे आकडे जास्त झाले की ती स्वतःला कोंडून घेते आणि गावभर ओरडते, हे मला कुठे माहीत? मी तिच्यावर चादर टाकली, थापट्या मारल्या, "गप गं बाई" म्हटलं. तेवढ्यात ओवी शाळेतून आली. "मम! डिड यू ट्राय टू ब्रेक इन?" आणि तिच्या मागोमाग, कर्म माझं, विश्रामची गाडी.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. चेहरा पांढराफटक पडला होता. आधी त्याने ओवीला आत पाठवलं, मग मला खुर्चीवर बसवलं आणि समोर उकिडवा बसला.

"सुनीती, काय करणार होतीस तू रायफलचं? खरं सांग. तुला काही... बरं नाही वाटत का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, हा कसल्या भीतीने पांढरा पडला होता ते. बापरे! मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"रायफल नको होती मला," मी म्हटलं. "शपथ. मला फक्त आकडा हवा होता. तू कुठली तारीख ठेवलीस ते बघायचं होतं. उर्वीची आहे का ते."

त्याला समजायला वेळ लागला. मग म्हणाला, "कुठलीच तारीख नाही ठेवलेली. ठेवायचीच नसते. घरच्यांना ओळखता येईल असा आकडा नको, हे तर दुकानदारानेच सांगितलं होतं." तो उठून उभा राहिला. "म्हणजे तुला रायफलची भीती नव्हतीच?"

मी खांद्यावरच्या पर्सचा पट्टा नीट करत बसले.

"मग इतके दिवस मी गॅरेजमध्ये काय करत होतो?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो रायफल घेऊन गेला. ज्या घरात कुणी आकडे लावून बघतं त्या घरात ती ठेवता येणार नाही, एवढंच म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. आणि गेला कुठे? तर तळ्याच्या पलीकडे! तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं. पुन्हा शनिवार, पुन्हा इस्त्रीचा टी-शर्ट, पुन्हा उर्वीचा ड्राइव्हवे. फरक इतकाच की आता रविवारी दुपारी गॅरेजही नव्हतं. तो सोफ्यावर, मी किचनमध्ये. तीन हाका मारल्या तरी "हं" नाही. मी एकदा चहा करताना त्यात आलं घातलं, तर तो न पिताच उठून गेला.

मी दोन-तीन आठवडे धुमसले आणि मग एका संध्याकाळी गाडी काढून उर्वीच्या दारात जाऊन उभी राहिले. भांडायला. काय काय बोलायचं ते सगळं सिग्नलला पाठ करून घेतलं होतं.

तिने दार उघडलं. अंगात क्लिनिकचेच कपडे, हातात अर्ध्या खाल्लेल्या टोस्टची प्लेट. घरात टीव्ही नुसताच चालू होता, सोबतीला लावतात तसा. मी पाठ केलेलं विसरले आणि तोंडातून निघालं, "माझ्या नवऱ्याला माझ्याशी कसं वागायचं ते तू का शिकवतेस?"

"त्याने विचारलं म्हणून," ती म्हणाली. "ये आत."

मी दारातच उभी राहिले. ती दाराला टेकली. म्हणाली, "मला माहीत होतं तुला भीती नाहीये ते."

"कसं काय?"

"दिवसभर माझ्या खुर्चीत घाबरलेली माणसं बसतात, सुनीती. घाबरलेला माणूस सुईकडे बघतो. पूजेच्या दिवशी तू रायफलकडे बघतच नव्हतीस. माझ्याकडे बघत होतीस."

"मग विश्रामला का नाही सांगितलंस?"

"का सांगू? तो बिचारा किती मन लावून करत होता." तिने प्लेट बाजूला ठेवली. "माझ्या नवऱ्याला खरी भीती वाटायची. मी समजावत बसले नाही. वेडेपणा करू नकोस म्हटलं आणि सेफ आणून बसवली. बाकीही भांडणं होती म्हणा. पण ते रिकामी सेफ दाखवणं, नुसता बोल्ट हातात देणं, हे सगळं मला तो गेल्यावर सुचलं. सुचून काय उपयोग? विश्रामने विचारलं तेव्हा म्हटलं, कुणाच्यातरी उपयोगी पडू दे." मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, "तू 'घरी आण' म्हणालीस ते मला कळलं, त्या दिवशी मी जाम जळले होते तुझ्यावर. मला नाही कुणी तसं म्हणालं."

आता बाई समोरून असं बोलली तर भांडायचं कसं? मी आत जाऊन बसले. तिने चहा केला आणि माझ्या कपात न विचारता दोन चमचे साखर घातली. मला ठसकाच लागला. ती म्हणाली, "शनिवारी तू पण ये. लायसन्स नसलं तरी क्लबात कुणीतरी बाजूला उभं राहून शिकवू शकतं. आणि आकडा हवाच असेल तर त्याला तोच एक रस्ता आहे. लायसन्स काढ."

शनिवारी मी विश्रामच्या आधी गाडीत जाऊन बसले. त्याने काही विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे, मग माझ्या बुटांकडे बघितलं आणि गाडी सुरू केली. उर्वीकडून रायफल घेतली, उर्वी आपल्या गाडीतून मागे आली.

क्लब म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड, समोर वाळलेलं गवत आणि पलीकडे मातीचा बांध. त्या दिवशी माणसं थोडीच होती. मला टेबलाशी बसवलं, कानावर मोठे हेडफोन चढवले. नियम सांगितले तेही उर्वीनेच, कारण विश्राम म्हणाला, "तीच चांगली शिकवते." बरं! नियम असा की रायफल हातात असली की नळी समोरच. मान समोरच. मागे वळायचं नाही, काही झालं तरी. उर्वी माझ्या डावीकडे उभी राहिली. विश्राम माझ्या मागे कुठेतरी.

म्हणजे बघा! ती बाई माझ्या शेजारी, नवरा माझ्या पाठीमागे, आणि तो कुणाकडे बघतोय ते वळून बघायला मला बंदी!

मी गाल दस्त्याला टेकवला आणि तिथेच थांबले. डोळ्याला अगदी लागून, लाकडावर, माझ्या बोटाचा ठसा होता. हळद आणि कुंकू. थोडं पुसट झालेलं, पण तसंच.

"हे अजून आहे?" मी विचारलं.

"विचारू नकोस," डावीकडून उर्वी म्हणाली. "कितीदा सांगितलं त्याला, पॉलिश जातंय, पुसून टाक. मी एकदा कापड घेतलं तर माझ्या हातातून रायफल काढून घेतली. सगळं ऐकतो माझं, एवढं एकच ऐकत नाही."

मला त्या क्षणी वळून त्याच्याकडे बघायचं होतं, इतकं की मानेच्या शिरा दुखल्या. वळले नाही. अर्धा श्वास सोडला, थांबले, चाप ओढला. पुन्हा भरली, पुन्हा ओढला. गोळ्या संपेपर्यंत मी समोर बघत राहिले. मग बोल्ट उघडून रायफल टेबलावर ठेवली, उर्वीने तपासून "ठीक" म्हटलं, आणि तेव्हा कुठे मी गर्रकन वळले.

विश्राम ना माझ्याकडे बघत होता, ना तिच्याकडे. तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून वाकला होता आणि माझा कागद बघत होता. बोटाने हवेत काहीतरी मोजत होता.

"सगळ्या डावीकडे गेल्यात," तो म्हणाला. "एकूण एक. असं का होतंय?"

उर्वीने ओठ दाबून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "उर्वी, तू जरा उजवीकडे उभी राहतेस का गं?"

ती हसत हसत उजवीकडे आली. मी पुन्हा बसले, पुन्हा समोर बघितलं, पुन्हा सगळं नियमाप्रमाणे केलं.

"आता सगळ्या उजवीकडे!" विश्राम ओरडला. "नेम धरायची साइट बिघडलीय की काय?"

"साइट बरोबर आहे," मी म्हटलं. मग जरा थांबले, कारण पुढचं वाक्य मी पूर्वी कितीतरी वेळा खोटं म्हटलं होतं. "मला वेळ लागेल, विश्राम."

त्याने दुर्बिणीवरून डोळा काढला. माझ्याकडे बघितलं, सावकाश, जसं काही माझ्यावरही काहीतरी मोजायचं होतं. "शनिवार आहेत की पुष्कळ," तो म्हणाला. "आणि चहा तू केलेलाच बरा असतो. मी आलं फार घालतो."

मी चटकन उर्वीकडे वळून बघितलं.

तिने दोन्ही हात वर केले. "मी नाही हं शिकवलं."